पांढरा खोका घेऊन पहिली भेट

सुनंदा,

काल मी मुलुंडला साटमांकडे जाऊन आले. एकटी. तुझी पिशवी खांद्याला लावून. आणि तिथे पहिली पाच मिनिटं मी एक अक्षर बोलले नाही. ‘चल, काहीतरीच!’ म्हणशील. पण देवाशपथ सांगते, साटमांची सून साक्षीला आहे.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. गेल्या रविवारी कांदिवलीला तुझा जलदान विधी झाला. पांढरी साडी नेसून मी शेवटच्या रांगेत बसले होते. वंदना झाली, मग एकेक जण तुझ्याबद्दल बोलायला उभं राहिलं. तुझा भाऊ बोलला, शेजारच्या बायका बोलल्या, विहारात तू मुलींना कागदाच्या पिशव्या करायला शिकवायचीस ते एकीने रडत रडत सांगितलं. मग मला पुढे बोलावलं. मी उभी राहिले आणि माझी वाट लागली. जिचं सगळं आयुष्य बोलण्यावर निघालं, तिला चार वाक्यं जमेनात. ‘सुनंदा माझी...’ एवढं म्हणाले आणि पुढचा शब्दच फुटेना. मैत्रीण म्हणावं तर ते अपुरं, आणि दुसरा जो शब्द होता तो मी तू असताना चारचौघांत कधी उच्चारला नव्हता. तू नसताना तो कोणत्या तोंडाने उच्चारणार? हात जोडले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, दुःखाने गळा दाटला. दाटला होताच गं, पण लाजेनेही दाटला होता.

आपण दोघी खोकेवाल्या. मी कार्डावर ‘पॅकेजिंग’ छापलं, तू मात्र कुणी विचारलं की सरळ सांगायचीस, ‘खोके बनवतो.’ ज्या कंपनीत आपली ओळख झाली तिथे तू सॅम्पल रूममध्ये होतीस आणि मी सेल्समध्ये. तुझ्या अंगाला कायम खळीचा वास, माझ्या अंगाला सेंटचा. कंपनी बंद पडली त्या शेवटच्या दिवशी तू माझ्या टेबलाशी आलीस आणि म्हणालीस, ‘तुला बोलता येतं, मला बनवता येतं. मग दुसऱ्याच्या दारात काहून जायचं?’ वाशीम सोडून तुला किती वर्षं झाली होती, तरी मनापासून काही बोलायचं असलं की तुझ्या तोंडी ते ‘काहून’ यायचंच. त्या एका वाक्यावर आपण मरोळला गाळा घेतला. अर्धा तुझा, अर्धा माझा. बारा वर्षं चालवला.

आणि बारा वर्षं भांडलो. विषय एकच. नवी पार्टी पहिल्यांदा भेटते तेव्हा तिच्यासमोर काय ठेवायचं?

माझं म्हणणं, माणूस आधी माणसाला बघतो. इस्त्रीची साडी, नीट बांधलेले केस, जाड कागदाचं कार्ड, रंगीत ब्रोशर. आत शिरताना हसायचं, त्यांच्या ऑफिसचं कौतुक करायचं, चहा आला की नाही म्हणायचं नाही. पहिल्या दोन मिनिटांत समोरचा ठरवून टाकतो की ह्यांना काम द्यायचं की फक्त चहा द्यायचा. तू हे सगळं पुठ्ठ्यावर रेघा मारत ऐकायचीस आणि मान वर न करता म्हणायचीस, ‘त्यांना तुझ्या साडीशी काय करायचंय? त्यांचा माल फुटायला नको, बस.’

तुझी रीत वेगळी होती. भेटीच्या आधी तू साध्या गिऱ्हाइकासारखी दुकानात जाऊन त्या पार्टीचा माल विकत आणायचीस. त्याची मापं घ्यायचीस. मग कोऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्याचा खोका हाताने कापायचीस, वर एक रेघ नाही की एक अक्षर नाही. तो त्यांच्या टेबलावर ठेवायचा, त्यांचाच माल त्यांच्याच हाताने आत घालायला लावायचा, झाकण लावायचं, आणि खोका उचलून कमरेएवढ्या उंचीवरून धाडकन फरशीवर सोडून द्यायचा. तोवर कुणी बोलायचं नाही. कुणी म्हणजे मी.

पहिल्यांदा तू हे केलंस तेव्हा मी डोळेच मिटले होते. बोरिवलीची ती चिनी मातीचे कप बनवणारी बाई. खोका पडला आणि बाई किंचाळल्या. तू शांतपणे वाकलीस, खोका उचललास आणि त्यांच्या हातात दिलास. त्यांनी एकेक कप बाहेर काढून खिडकीशी धरून बघितला. सहाच्या सहा धड. ‘कधीपासून द्याल?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मी पाठ करून नेलेलं अर्ध्या तासाचं भाषण जसंच्या तसं घरी आलं. रिक्षात मी तुझ्यावर जाम भडकले. ‘अगं, निदान आपलं नाव तरी सांगू द्यायचंस!’ तू म्हणालीस, ‘सांग ना आता. आता ऐकतील.’

पण मी एका झटक्यात सुधारणाऱ्यातली आहे होय? घाटकोपरचा फरसाणवाला आठव. तू दोन दिवस गावी गेली होतीस. म्हटलं, हीच संधी आहे, हिला दाखवते पहिली भेट कशी असते ती. त्यांच्या दुकानातून एक खोका आणला, त्यावरचा मोर जसाच्या तसा चार रंगांत छापून घेतला, भोवती सोनेरी पट्टी ओढली आणि गेले मिरवत. शेठनी खोका हातात घेतला. मोराकडे बघितलं. आणि एका बोटाने तो टेबलावरून सावकाश माझ्याकडे सरकवला. ‘बहन, ये मोर अब बडे भाई का है.’ महिन्यापूर्वी भावाभावांच्या वाटण्या झाल्या होत्या. दुकान ह्यांच्याकडे आलं होतं आणि मोर थोरल्याकडे गेला होता! मी त्यांच्या ताज्या जखमेवर चार रंगांत मीठ छापून नेलं होतं. चहासुद्धा आला नाही.

तू परत आल्यावर तुला सांगितलं. तू इतकी हसलीस की पुठ्ठ्यांच्या थप्पीवर बसून पोट धरलंस. मग डोळे पुसून म्हणालीस, ‘म्हणून कोरा न्यायचा. त्यांचं नाव, त्यांचा मोर, ते आपल्याला त्यांनी द्यायचं. आपण आधीच काहून घ्यायचं?’ पटलं होतं मला. पण कबूल करीन तर मी कसली! म्हणाले, ‘कोऱ्या खोक्यावरून त्यांच्या लक्षात काय राहणार, माती?’ तू पुन्हा पुठ्ठ्याकडे वळलीस. हे भांडण आपण मिटवलंच नाही. दर पार्टीला नव्याने काढायचो, आणि खरं सांगू, मला त्यात मजा यायची. आता कुणाशी भांडू? गाळ्यातली मंगल तर सगळ्याला ‘हो मॅडम’ म्हणते.

आता ते लिहिते जे बारा वर्षं बोलले नाही.

अंधेरीचं ते काचेचं ऑफिस. अत्तराच्या बाटल्यांची पार्टी. आपली ती दुसरीच भेट होती, बोरिवलीच्या कपांनंतरची. मॅनेजरने उठून माझं स्वागत केलं, मला खुर्ची दिली. मग तुझ्याकडे बघून विचारलं, ‘आणि ह्या?’

मी पटकन म्हणाले, ‘ह्या आमच्याकडे सॅम्पल बनवतात.’

‘पार्टनर’ हा शब्द जिभेवर आला होता, सुनंदा. मी तो गिळला. का गिळला हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत होतं. मला वाटलं, ही साधी सुती साडी, नखांत खळ, तोंडात ‘काहून’, आणि त्यात माझ्या आडनावाशेजारी हिचं आडनाव ऐकलं की समोरचा मनात काय मोजेल. समोरचा काहीच मोजत नव्हता गं. मोजत मी होते. कार्डंही मी माझ्या एकटीच्या नावाची छापली होती, ‘दोन नावं मावत नाहीत’ म्हणून. मावत नाहीत काय, बोडक्याची! खोकेवाल्या आपण, कशात काय मावतं ते आपल्याला ठाऊक नाही?

तू भिंतीला लागून उभी राहिलीस. वेळ आली तेव्हा पुढे झालीस, खोका टाकलास, काम मिळवलंस. परतताना रिक्षात मी बाहेर बघत बसले होते. तूच म्हणालीस, ‘खोटं नाही बोललीस. सॅम्पल तर मीच बनवते.’ आणि लगेच रिक्षावाल्याला सांगितलंस, ‘भाऊ, पुढून डावीकडे घ्या.’

त्या दिवसापासून कुठल्याच पहिल्या भेटीत तू बसली नाहीस. मी एकदा विचारलं, ‘अगं, उभी काय राहतेस, पाय दुखतील.’ म्हणालीस, ‘खोका टाकायला उभंच राहावं लागतं.’ मी ते खरं मानलं, कारण मला ते सोयीचं होतं. माफी मागायला बारा वर्षं होती माझ्याकडे. रोज सकाळी गाळ्याचं शटर आपण दोघींनी दोन बाजूंनी धरून वर केलं. तुझ्या लेकीच्या, प्रज्ञाच्या लग्नात मी पाय सुजेस्तोवर नाचले. माझं ऑपरेशन झालं तेव्हा तू मरोळहून नाहूरला येऊन माझ्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापल्यास आणि वर ‘तुझा तवा बेकार आहे’ असं ऐकवून गेलीस. एवढं सगळं झालं. एक ‘चुकलं माझं’ तेवढं राहिलं. मूर्ख आहे मी, दुसरं काय.

आणि मग साटम.

ही पार्टी मीच शोधली होती, तू आजारी पडायच्या आठवडाभर आधी. साटम कोकमाचं आगळ बनवतात. आजवर प्लास्टिकच्या बाटल्यांत भरायचे, आता काचेच्या बाटल्यांत भरून कुरिअरने घरोघरी पाठवायचं त्यांनी ठरवलंय. आपल्या दोन जुन्या पार्ट्या बंद झाल्यापासून मशीन अर्धा दिवस गप्प असतं. हे काम मिळालं तर गाळा उभा राहणार, नाही मिळालं तर मंगल आणि पेस्टिंगच्या पाच जणींना ‘उद्यापासून येऊ नका’ हे मी सांगायचं. आपण दोघी हे एकमेकींना बोललो नव्हतो, पण तू साटमांची रिकामी बाटली दिवसभर हातात घेऊन फिरत होतीस, त्यावरून मला कळलं होतं. वहीत मापं लिहिलीस. म्हणालीस, ‘सोमवारी कापते.’ सोमवारी तू आली नाहीस. पुढच्या सोमवारी तू नव्हतीसच.

विधी संपल्यावर प्रज्ञाने तुझी पिशवी माझ्या हातात ठेवली. आत तुझा कटर, स्टीलची पट्टी, वही आणि ती बाटली, तुझ्या जुन्या ओढणीत गुंडाळलेली. ‘मावशी, आईने हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं.’

‘काही म्हणाली का गं?’

प्रज्ञा रडता रडता हसली. ‘म्हणाली, आता ज्योतीला कापायला शिकावंच लागेल.’

बघ, जाता जाताही टोमणा मारलासच! किती वर्षं माझ्या मागे लागली होतीस, एक तरी खोका स्वतःच्या हाताने कापून बघ म्हणून. मी म्हणायचे, ‘तू आहेस ना.’ आणि मी तुला म्हटलं की पार्टीशी जरा बोलायला शीक, तर तू म्हणायचीस, ‘तू आहेस ना.’ दोघी एकमेकींच्या जिवावर निवांत होतो.

मंगळवारी साटमांचा फोन आला. एकदा भेट पुढे ढकलली होती, आता ते थांबायला तयार नव्हते. ‘गुरुवारी येवा. त्या दिवशी दुसरे पण येतत.’ माझ्या हातात दोन दिवस होते आणि तुझा कटर.

पहिला खोका कापला, चिकटवला, वर हात ठेवला तर दाबलेल्या पावासारखा बसला. मंगल लांबून बघत होती. न राहवून म्हणाली, ‘मॅडम, नळ्या आडव्या गेल्या. पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या पाहिजेत, बाई नेहमी सांगायच्या.’ बारा वर्षं मी पार्ट्यांना ‘आमचा पुठ्ठा मजबूत’ म्हणून सांगतेय, आणि त्याला नळ्या असतात नि त्या उभ्या लागतात हे मला आता कळतंय! दुसरा खोका दिसायला बरा झाला. तसल्याच काचेच्या बाटल्या बाजारातून आणवल्या होत्या; एकीत आगळ भरून ती आत घातली, सोडला खाली. खळ्ळकन आवाज, आणि फरशीभर लाल. मंगल ओरडत धावली, तिला वाटलं मी मनगटच कापून घेतलं. तिसऱ्यालाही तेच. चौथा होईतो चार बोटं कापली, खरीखुरी.

बुधवारी दुपारी हात टेकले. तुझी वही उघडून नुसती बसले. मापांच्या खाली तू लिहिलं होतंस, ‘मान धर, पोट सोड.’ मी ते आधीच वाचलं होतं, पण मला वाटलं होतं डॉक्टरने तुला काही व्यायाम सांगितला असेल! मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. मी बाटलीच्या पोटाभोवती पुठ्ठा गच्च आवळत होते. तू सांगत होतीस, वरून मान धर, खालून बूड धर, आणि पोटाभोवती मोकळी जागा ठेव. धक्का खोक्याला बसेल, बाटलीला बसणार नाही. ‘सुनंदे!’ म्हणून मी गाळ्यात एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या गाळ्यातले धावत आले. पाचवा खोका त्या हिशेबाने कापला. मी पाच वेळा टाकला. मंगलने टाकला, पेस्टिंगच्या पाची जणींनी एकेकदा टाकला, जणू सगळ्यांनाच कुणावर तरी राग काढायचा होता. आत आगळ जसंच्या तसं.

गुरुवारी साटमांकडे पोचले. इंडस्ट्रियल इस्टेटचा दुसरा मजला, जिन्यापर्यंत कोकमाचा आंबट वास. दहा बोटांतल्या चार बोटांना माझ्या पट्ट्या. इस्त्रीची साडी मात्र नेसलेच, ते मी सोडणार नाही, सांगून ठेवते. आत गेले तर आधीची पार्टी नुकतीच उठत होती. दोन चकाचक माणसं, लॅपटॉप बंद करत होती. टेबलावर त्यांचा खोका. काय देखणा खोका होता गं! निळा समुद्र, माडांची रांग, होडी, आणि मधोमध साटमांचा हसरा फोटो. म्हातारे साटम त्यावरून नजर हलवत नव्हते. मला घाटकोपरचा मोर आठवला. माझं अख्खं आयुष्य ज्याच्या बाजूने भांडण्यात गेलं ते समोर टेबलावर होतं, आणि माझ्या पिशवीत तुझी बाजू.

मी पांढरा खोका काढून समुद्राच्या शेजारी ठेवला.

साटमांनी चष्मा वर केला. ‘ह्यां काय? रंग संपलो की काय तुमचो?’

त्यांची सून हसली. सुनंदा, त्या क्षणी माझ्या तोंडात निदान चाळीस वाक्यं जमा झाली होती. सगळी धरून ठेवली. त्यांच्याच कपाटाकडे बोट दाखवलं. सुनेने भरलेली बाटली आणून दिली. खोका साटमांपुढे उघडून धरला. त्यांनी बाटली आत बसवली, मी झाकण लावलं, उभी राहिले, कमरेएवढ्या उंचीवरून सोडून दिला. धाड! साटम खुर्चीतून अर्धे उठले. मी खोका उचलला आणि टेबलावर ठेवला. पांढऱ्यावर एक लाल ठिपका नव्हता.

साटमांनी तो चारी बाजूंनी फिरवून बघितला. नाक लावून वास घेतला. मग म्हणाले, ‘असो अलगद कोण टाकता? कुरिअरवालो असो टाकता काय?’ आणि खोका बगलेत मारून ते तरातरा बाहेर निघाले. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

‘बाबा!’ सून ओरडली.

त्यांनी तो दुसऱ्या मजल्यावरून खाली भिरकावला.

कमरेएवढ्या उंचीची सवय आपल्याला. दोन मजल्यांवरून तू कधी टाकला नव्हतास. खोका पायरीवर आपटला, भिंतीवर आदळला, वळणावर कोलांटी खाऊन खाली दिसेनासा झाला. प्रत्येक आवाजाला मला मंगलचा चेहरा दिसत होता. आम्ही तिघं धावत खाली गेलो, साटम सगळ्यांत पुढे. शेवटच्या पायरीखाली तो कुशीवर पडला होता. एक कोपरा चेपलेला. बाकी पांढराशुभ्र. साटमांनी जिन्यातच बसून झाकण उघडलं आणि बाटली बाहेर काढून उजेडात धरली.

‘नाय फुटली!’ ते म्हणाले.

आणि मी, कसलं ब्रोशर नि कसलं काय, त्या जिन्यात दोन्ही हात वर करून ओरडले, ‘बघ सुनंदा! बघ!’

तोवर सून पुन्हा वर जाऊन तो निळा खोका जिन्याच्या तोंडाशी घेऊन आली होती. म्हणाली, ‘बाबा, न्याय सगळ्यांना सारखा.’ त्यातही बाटली घातली आणि तोही सोडला. तो खाली आला तेव्हा आधी काहीच कळलं नाही. मग हळूहळू समुद्र लाल व्हायला लागला, आणि मग होडी. साटमांचा फोटो मात्र तसाच हसत होता. खरे साटम स्वतःच्या फोटोकडे बघून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

ठसका थांबल्यावर माझ्याकडे वळले. ‘सुनंदा कोण?’

बारा वर्षांनी तोच प्रश्न, सुनंदा. जिन्यात उभी होते, धाप लागली होती, साडीच्या निऱ्या सुटायला आल्या होत्या. ‘माझी पार्टनर,’ मी म्हणाले. ‘अर्धी मालकीण. हा खोका मी कापलाय, पण तो तिचा आहे. आजवर आमच्याकडून जे काही न फुटता गेलं ते सगळं तिचं आहे.’ तुझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. जीभ अडखळली नाही.

‘मगे तेंका कित्याक नाय हाडलात?’ का नाही आणलंत म्हणून ते विचारत होते.

‘तीन आठवड्यांपूर्वी गेली.’

म्हाताऱ्याने बाटली पायरीवर ठेवली. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. खाली उतरलेल्या सुनेने माझ्या पट्ट्या बांधलेल्या बोटांकडे बघितलं आणि माझा हात हातात घेतला. मग साटम उठले आणि म्हणाले, ‘वर चला. सही करूया.’ मी जिन्यातच रडले, वर जाताना रडले, आणि त्यांनी दिलेलं सोलकढीचं भांडं तोंडाला लावूनही रडले. हरल्यासारखी नाही गं. शर्यत जिंकून आल्यावर माणूस रडतं तशी.

पसंत पडलेल्या सॅम्पलवर दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या आणि तो खोका आपल्याकडे ठेवून पुढचा सगळा माल त्याच्याशी ताडून बघायचा, ही आपल्या धंद्याची रीत. आजवरच्या प्रत्येक सॅम्पलवर सही माझी. तू बनवायचीस, मी सही करायचे, आणि आपल्या दोघींनाही त्यात कधी काही खटकलं नाही, निदान मी तसं समजत होते. साटमांनी त्यांची सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. चेपलेल्या कोपऱ्याजवळ मी आधी तुझं पूर्ण नाव लिहिलं, मोठ्या अक्षरांत, खाली ‘पार्टनर’. मग माझं नाव, खाली ‘पार्टनर’. दोन्ही नावं व्यवस्थित मावली.

चुकलं माझं, सुनंदा. हे मी तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं.

खोका आता गाळ्यात मशीनच्या डोक्यावरच्या फळीवर आहे. मंगलने पाची जणींना गोळा करून त्यावरची नावं मोठ्याने वाचून दाखवली, दोनदा. सोमवारपासून साटमांचा माल निघेल. ती प्रत्येक थप्पीतला खोका त्याच्याशेजारी धरून बघेल, मगच पुढे सोडेल. तुझं नाव वाचल्याशिवाय आता आपल्या शटरबाहेर काहीही जाणार नाही.